कढईत आधी कोण संपतं

त्या दिवशी पहाटेपासून मतलई वारा सुटला होता. डोंगराकडून समुद्राकडे जाणारा, कोरडा, गार. आभाळ धुऊन वाळत घातल्यासारखं स्वच्छ. ऊन अंगावर पडत होतं, पण अंग काही तापत नव्हतं. वाडीतल्या घराघरांत खोबरेल थिजून पांढरं झालं होतं, आणि बायका तेलाच्या बाटल्या चुलीच्या कडेला नेऊन ठेवत होत्या.

"आबा, चूक कुठे आहे तेवढं सांगा."

हेरंब परुळेकर धाकूआबांच्या पायरीशी उभा होता. एका हातात साबणाची वडी, दुसऱ्या हातात वही. आबा अंगणात उन्हाला पाठ देऊन बसले होते.

"कशातली चूक?"

"गणितातली. मला सापडत नाही. पण असायला हवी."

"बस तरी आधी."

हेरंब बसला नाही.

हेरंब तालुक्याच्या कॉलेजात रसायनशास्त्र शिकवत असे. त्याला अकरा वर्षं झाली होती. त्याच्या कुंपणापलीकडचे धाकूआबा शाळेची पायरी कधी चढले नव्हते. त्यांनी चाळीस वर्षं एकच काम केलं होतं... खोबरेल आणि कॉस्टिक सोडा एका कढईत घालून साबण करायचा, आणि पंचक्रोशीला पुरवायचा.

हेरंबची आई वर्षभर अंथरुणाला खिळून होती. तिची कातडी कांद्याच्या पापुद्र्यासारखी झाली होती. बाजारचा कुठलाही साबण लागला की चट्टे उठत. अंग धुतलं नाही, तर पाठीला जखमा व्हायच्या. तिला सोसायचा तो एकट्या आबांचा साबण.

पण दिवाळीपासून आबांची मनगटं गेली. कढई ढवळता येईना. हेरंब माप विचारायला आला, तेव्हा आबा म्हणाले होते, "माप तोंडाने सांगून येत नाही रे. एक कढई माझ्याजवळ बसून कर."

हेरंबला हसू आलं होतं. "आबा, हेच तर मी मुलांना शिकवतो."

"मग बरंच झालं," आबा म्हणाले होते.

हेरंबने घरी बसून साबण केला. सव्वा महिना वड्या सुकवल्या. काल सकाळी त्याची बायको मृणाल हिने त्यातल्या एका वडीने आईंना आंघोळ घातली. दुपारपर्यंत म्हातारीची पाठ मानेपासून कमरेपर्यंत लाल झाली. ती काही बोलली नाही. भिंतीकडे तोंड करून पडून राहिली.

बोलली ती मृणाल. "आता त्या साबणाने तुझी वही धू. आईंना मी नुसत्या पाण्याने पुसते."

म्हणून तो आज आला होता.

"वाच," आबा म्हणाले.

"वही? तुम्हाला कळेल?" बोलून गेल्यावर हेरंबने जीभ चावली.

"नाही कळलं तर ऐकायला तरी बरं वाटेल."

हेरंबने वाचलं. खोबरेल एक किलो. एवढ्या तेलाचा पुरता साबण व्हायला लागणारं कॉस्टिक एकशे त्र्याऐंशी ग्रॅम. ते कसं काढलं, त्याच्या सहा ओळी. आबा डोळे मिटून ऐकत होते. वाचून झाल्यावर त्यांनी वही मागून घेतली आणि पानावरून बोट फिरवलं.

"किती नेटकं रे... एक खाडाखोड नाही. माझं सगळं आयुष्य कढईपाशी गेलं, पण साबण असा ओळीने बसलेला मी कधी पाहिला नव्हता."

कौतुक खरं होतं. हेरंबला ते टोमण्यापेक्षा जड गेलं.

"आता सांग. तुझ्या कढईत आधी कोण संपलं?"

"कोणीच नाही. म्हणजे... दोघंही. बरोबरीने."

"एकदम?"

"एकदम."

"तू पाहिलंस?"

"पाहायला लागत नाही आबा. गणितच तसं आहे."

"एवढ्या लग्नांत जेवलो, पण शेवटचा भात आणि शेवटचं वरण एकदम संपलेलं मी काही पाहिलं नाही बाबा. वाढप्याला एक भांडं तरी परत न्यावंच लागतं."

आबांनी वडी हातात घेतली. उजेडाकडे धरली. वास घेतला. मग जिभेचं टोक तिला लावलं.

चेहरा हलला नाही. फक्त डोळे भरून आले... एक थेंब घरंगळत मिशीत गेला.

वडी त्यांनी हेरंबपुढे धरली.

"मी?"

आबांचा हात तसाच पुढे.

"मी लिटमसचा कागद लावून पाहिला होता आबा. प्रयोगशाळेतला. निळा झाला, पण साबणाने तो निळा होतोच, त्यामुळे..."

हात तसाच.

हेरंबने जीभ लावली.

बॅटरीच्या सेलला जीभ लावावी तसा चटका बसला. तो थुंकला. तुळशीपाशी भरून ठेवलेल्या कळशीतलं पाणी घेऊन त्याने तीनदा चूळ भरली.

"किती वेळ होती जिभेवर?"

"क्षणभर."



आईच्या पाठीवर साबण किती वेळ होता, ते हेरंब मनातल्या मनात मोजायला लागला... आणि मध्येच थांबला.

तो पायरीवर बसला.

माडाच्या झावळ्या तेवढ्या एकमेकींवर घासत होत्या.

"कॉस्टिक उरलंय," हेरंब शेवटी म्हणाला. "म्हणजे तेल आधी संपलं. पण तेल कमी पडेलच कसं? किलोभर तेल मी स्वतः मोजलं. प्रयोगशाळेच्या काट्यावर."

"तेल कुठलं?"

"सावंतांच्या घाण्यावरचं. भेसळीचं नाव नाही."

"सावंत कशाला भेसळ करेल? देवमाणूस तो. उरलंय का त्यातलं?"

"दोन बरण्या आणल्या होत्या. एक पुरी वापरली. दुसरी आहे."

"आण."

हेरंब कुंपणातून जाऊन बरणी घेऊन आला. काचेची बरणी. आत तेल थिजून दह्यासारखं पांढरंशुभ्र.

"पहिली बरणी काढलीस, तेव्हाही असंच होतं?"

"हो. थंडीच होती. चमच्याने खरवडून काढलं, तळापर्यंत."

आबांनी बरणी उन्हात ठेवली. "बघ."

"काय बघू?"

"बरणी."

"आबा, गरम पाण्यात धरली तर पाच मिनिटांत वितळेल."

"तुझ्या घरी धर. माझ्याकडे उन्हात ठेवतात."

हेरंबला कॉलेजला जायचं होतं. त्याने घड्याळाकडे पाहिलं. मग आबांकडे. आबा सुपारी कातरत होते, तेही अशा सावकाशीने, की जणू त्या एका सुपारीसाठीच दिवस उगवला होता. हेरंबने घड्याळ काढून खिशात टाकलं.

ऊन वर आलं. बरणीच्या कडेला काचेशी एक ओली रेघ दिसायला लागली. रेघ रुंद झाली. पांढरा गोळा आक्रसत गेला, तिरका झाला, डुलायला लागला. तो पुरता वितळला तेव्हा तेल इतकं नितळ झालं होतं, की त्यातून पलीकडची जास्वंद दिसत होती.

आणि तळाशी अर्ध्या पेराएवढा एक थर होता. गढूळ. पाणी, आणि खोबऱ्याचा बारीक चोथा.

हेरंब वाकून बघत राहिला.

"पहिल्या बरणीतलं हे पण तू तेल म्हणूनच मोजलंस," आबा म्हणाले. आवाजात बोचरं काही नव्हतं. जास्वंदीला कळी आली, हे सांगावं तसं त्यांनी ते सांगितलं.

"कॉस्टिक सीलबंद होतं," हेरंब हळूच म्हणाला. "नवं. अगदी शुद्ध. त्यात कणभर कमी नाही. आणि तेल मात्र..."

मग एकदम त्याचे डोळे चमकले. त्याने वही उघडली, खिशातून पेन्सिल काढली.

"सोपं आहे आबा! तेल आधी वितळवायचं, निवळू द्यायचं, वरचं तेवढं घ्यायचं आणि मग मोजायचं. म्हणजे बरोबरी अचूक होईल. दोघं एकदम संपतील."

आबांनी कौतुकाने मान डोलावली. "हुशार आहेस. लहानपणापासून."

पेन्सिल चालू लागली.

"आणि सावंताने पुढल्या खेपेला दुसऱ्या वाडीचं खोबरं घातलं तर?"

"तर तेलाला थोडं कमीजास्त कॉस्टिक लागेल. तेही मोजता येतं."

"आणि ढवळताना कढईच्या कडेला जे चिकटून बसेल, आतवर पोचणारच नाही, ते?"

पेन्सिल मंदावली.

"दोघांतलं एक आधी संपणारच हेरंबा. कढईवर सोडलंस, तर कोण ते कढई ठरवते." आबांनी कातरलेली सुपारी तोंडात टाकली. "मी तिच्यावर सोडत नाही."

पेन्सिल थांबली.

दर वर्षी जूनमध्ये हेरंब फळ्यावर हेच गणित घालत असे. दोन पदार्थ एकत्र आले की एक आधी संपतो. तो संपला की दुसरा ढीगभर असला तरी नुसता पडून राहतो. आधी संपणारा तो लिमिटिंग रिएजंट. माल किती निघणार ते त्याच्यावर ठरतं. मुलांनो, सांगा, कोण आधी संपेल? अकरा वर्षं तो हा प्रश्न विचारत आला होता, आणि मुलं उत्तर देत आली होती. कोण आधी संपलेलं बरं, असं त्याने कोणालाच कधी विचारलं नव्हतं.

"मग तुम्ही काय करता आबा?"

सकाळपासून त्याने बरेच प्रश्न विचारले होते. हा पहिलाच असा होता, की ज्याचं उत्तर तो वहीत शोधत नव्हता.

आबा गुडघ्यांवर हात टेकून उठले. "कढई मांड."

त्या दिवशी हेरंब कॉलेजला गेला नाही.

तेल निवळून घेतलं, हेरंबने घरून आणलेल्या काट्यावर मोजलं. कॉस्टिक वहीतल्या गणिताने घ्यायचं, असं आबांनीच सांगितलं. "तुझं गणित चांगलं आहे. ते टाकायचं नाही." हेरंबने कॉस्टिक पाण्यात विरवलं, पाणी कढत झालं, ते निवू दिलं.

आता ओतायचं, तेवढ्यात आबांनी थांबवलं. करवंटीची डवली घेतली. कॉस्टिकच्या पाण्यातून एक डवली भरून काढली आणि बाजूच्या चिनी मातीच्या बरणीत रिकामी केली.

"हे काय?"

"हे आत जायचं नाही. मोरी घासायला होईल."

"पण एवढंच का?"

"माझा मामा एवढंच काढायचा. दोन डवल्या काढल्या तर वडी मऊ पडते, पावसाळ्यात खवट वास मारते. ते मी करून पाहिलंय."

"आणि अर्धीच काढली तर?"

आबांनी बरणीवर झाकण ठेवलं.

"ते करून बघायची माझी हिंमत झाली नाही. दुसऱ्याच्या अंगाला लागायचं असतं ना..."

हेरंबने धार धरली आणि ढवळायला घेतलं. एकाच बाजूने, एकाच चालीने. तासाभराने त्याचा खांदा भरून आला. आबा समोर पाटावर बसले होते. त्यांची दुखरी मनगटं मांडीवर पडली होती, आणि त्यांच्या नकळत तीही हळूहळू गोल फिरत होती.

"चाल बदलू नको."

"हात दुखतोय आबा."

"दुखू दे. हात दुखतोय तोवर आत काम चाललंय."

उन्हं कलायला लागली तेव्हा डवलीतून सांडलेली धार कढईत बुडेना. वर रेघ उठून तशीच राहिली.

"झालं," आबा म्हणाले.

साबण साच्यात ओतल्यावर हेरंबला राहवेना. आबा हातपाय धुवायला गेले, तसं त्याने काटा पुन्हा पुढे ओढला आणि बरणीत काढून ठेवलेली ती एक डवली मोजली. वहीत मांडलं, पुन्हा मांडलं.

आबा पंच्याने तोंड पुसत आले, तेव्हा तो उठून उभा राहिला.

"आबा, शंभरातले पाच! तुमच्या डवलीत बरोबर शंभरातले पाच भाग येतात. म्हणजे कॉस्टिक आधी संपतं, आणि तेल तेवढं उरतं. सौम्य साबण करायचा तर पुस्तकात एवढंच सांगितलंय. तुम्ही करवंटीने..." त्याने वही आबांपुढे धरली. "मोठ्या पुस्तकात आबा!"

"असं होय?" आबांना बरं वाटलेलं दिसलं. "मग पुस्तक बरोबर असेल."

आता पुन्हा सव्वा महिना थांबायचं होतं. जाताना आबांनी हेरंबला उभं केलं, न्हाणीत गेले आणि अर्धी झिजलेली एक वडी घेऊन आले. घरातली शेवटची.

"पुरवून वापरा. फक्त पाठीला."

"आणि तुम्ही?"

"मला नारळाची शेंडी आहे. माझी कातडी काय, रेड्याची."

हेरंबने वडी घेतली. रोज कॉलेजातून आला की तो साच्यातून काढलेल्या वड्यांची बाजू पालटून ठेवी. चाखून बघावंसं वाटे. पण आबांनी सांगितलं होतं, दिवस भरू देत.

आईची पाठ निवळत आली. आबांची वडी मात्र झिजत झिजत तुळशीच्या पानाएवढी झाली, मग चिमटीत धरता येईना. ज्या सकाळी मृणालने रिकामी साबणदाणी आणून हेरंबपुढे ठेवली, त्या सकाळी दिवस भरले होते.

तिने बंबातलं कढत पाणी बादलीत काढलं, विसण घातलं आणि वाट बघत उभी राहिली.

हेरंबने नवी वडी घेतली. तिच्यावर जीभ ठेवली. आईची पाठ धुवायला लागतो तेवढा वेळ, न हलता, ठेवली.

मग तो वडी मुठीत धरून कुंपणातून धावत गेला.

आबा पायरीवर बसले होते.

"लावली जिभेला," हेरंब धापा टाकत म्हणाला. "खूप वेळ ठेवली."

"मग?"

"साबणाची चव. दुसरं काही नाही."

"हं."

त्याने वडी आबांपुढे धरली.

आबांनी हात पुढे केला नाही.

"एकदा तुम्ही बघा ना आबा. तुमची जीभ चाळीस वर्षांची जाणती. माझी..."

आबा त्याच्याकडे बघत राहिले. डोळे हसत होते... कुंपणापलीकडून बादलीची कडी वाजली.

"तुझी लावलीस ना?"

"लावली."

"मग इथे काय उभा राहिलायस? जा. आईचं पाणी निवतंय."